वाचकांचे प्रश्न : रिग आणि संगणकाचं बोलणं तुटतं तेव्हा

या खेपेच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. रिग, म्हणजे प्रसारण आणि ग्रहण दोन्ही करणारा रेडिओ संच, हाताने चालवली तर छान चालते, संगणकही ठीक आहे, पण प्रोग्रॅममधून वारंवारता बदलायला गेलं की रिग ढिम्म. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, याला ‘कॅट लागत नाही’ म्हणतात; कॅट म्हणजे संगणकातून रिग चालवण्याची सोय. प्रत्येक पत्रात आणखी एक समान गोष्ट दिसली : पडद्यावर चूक दिसताच लिहिणाऱ्याने पाच-सहा सेटिंग एका दमात बदलली आहेत. मग मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे वेगळं करणंच कठीण होतं.

आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्तीचा वर्ग घेत असताना मी मुलांना एक शिस्त लावत असे. संदेश ज्या वाटेने जातो तिचे टप्पे आधी कागदावर लिहायचे आणि मध्यावर तपासायचं. इथे टप्पे असे : प्रोग्रॅम, पोर्टचा क्रमांक, ड्रायव्हर, यूएसबी-सिरियल चिप, केबल, रिगचा मेनू. प्रोग्रॅम ‘टाइम्ड आउट’ म्हणतो तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं की मी विचारलं आणि उत्तर आलं नाही. कुठल्या टप्प्यावर अडलं, हे त्यालाही कळत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

प्रश्न : माझ्याकडे आयकॉम आयसी-७३०० आहे. जुन्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हा डिजिटल संदेशांचा प्रोग्रॅम विनातक्रार चालत होता. नवा लॅपटॉप घेतला आणि आता सुरू करताच ‘रिग कंट्रोल एरर’ येते. केबल तीच आहे. ४८०० पासून ११५२०० पर्यंत सगळे बॉड रेट (तारेवरून बिट जाण्याचे वेग) घालून पाहिले. रिगचा यूएसबी भाग गेला असेल का? सर्व्हिसला पाठवू का?
— निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : पाठवू नका. जुना लॅपटॉप घरात असेल तर आधी त्यालाच केबल जोडून पाहा. तिथे चाललं तर रिग, केबल आणि रिगचा मेनू तिन्ही निर्दोष आहेत आणि शोध फक्त नव्या लॅपटॉपपुरता उरतो.

आता नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘पोर्ट्स’ची यादी पाहत यूएसबी केबल काढा, पुन्हा लावा. जी ओळ नाहीशी होऊन परत येते ती तुमची रिग. ७३०० मध्ये सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०एक्स मालिकेतली चिप आहे, त्यामुळे ओळीत ते नाव दिसायला हवं. ओळच आली नाही, किंवा पिवळ्या त्रिकोणासह आली, तर ड्रायव्हर बसलेला नाही. आयकॉमची सूचना अशी आहे की आधी ड्रायव्हर बसवायचा आणि मग केबल लावायची. अनेक जण उलटं करतात आणि विंडोज त्या यंत्राची भलतीच नोंद करून बसतं. तसं झालं असेल तर ती नोंद काढून टाका, ड्रायव्हर बसवा, संगणक पुन्हा सुरू करा, मग केबल लावा.

ओळ नीट दिसली तर तिच्यातला कॉम क्रमांक वाचा. जुन्या लॅपटॉपवर कॉम ३ असेल आणि नव्यावर कॉम ७ मिळाला असेल. तुम्ही जुनी सेटिंगची फाइल नव्या लॅपटॉपवर उचलून ठेवली असेल तर प्रोग्रॅम अजून कॉम ३ चंच दार वाजवत असणार. बॉड रेट कितीही बदला, त्या दाराआड कोणी नाही.

क्रमांकही बरोबर असेल तर रिगच्या मेनूत सेट, कनेक्टर्स, सीआय-व्ही (आयकॉमची कॅटची भाषा) असे जा. इथे चार गोष्टी पाहायच्या. पत्ता ९४ हवा (हा सोळा आधाराचा अंक आहे, ७३०० चा कारखान्यातून आलेला पत्ता तोच). ‘सीआय-व्ही यूएसबी पोर्ट’ हे ‘अनलिंक फ्रॉम रिमोट’ वर ठेवा. ‘लिंक’ वर असेल तर यूएसबीचा वेग मागच्या जुन्या रिमोट जॅकच्या वेगाला बांधला जातो आणि १९२०० च्या वर जाता येत नाही. ‘सीआय-व्ही यूएसबी बॉड रेट’ ‘ऑटो’ न ठेवता एक ठरावीक आकडा द्या आणि तोच प्रोग्रॅममध्ये द्या. चौथी गोष्ट ‘एको बॅक’, म्हणजे पाठवलेला संदेश जसाच्या तसा परत येणं. ती चालू आहे की बंद एवढंच लिहून ठेवा. पुढच्या चाचणीला लागेल.

ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. डब्ल्यूएसजेटी-एक्स बंद करा. सोळा आधाराचे अंक पाठवू शकणारा कोणताही साधा टर्मिनल प्रोग्रॅम घ्या, तुमचा कॉम क्रमांक आणि बॉड रेट द्या, आणि हे सहा बाइट पाठवा :

एफई एफई ९४ ई० ०३ एफडी

अर्थ सरळ आहे. दोन एफई म्हणजे संदेशाची सुरुवात, ९४ म्हणजे ज्याला विचारायचं तो, ई० म्हणजे विचारणारा संगणक, ०३ म्हणजे ‘वारंवारता सांग’, आणि एफडी म्हणजे संदेश संपला. रिग १४.०७४ मेगाहर्ट्झवर असेल तर उत्तर असं येतं :

एफई एफई ई० ९४ ०३ ०० ४० ०७ १४ ०० एफडी

मधले पाच बाइट उलट्या क्रमाने वाचा : ०० १४ ०७ ४० ००. म्हणजे १४,०७४,००० हर्ट्झ. हे आकडे पडद्यावर आले की रिग, चिप, ड्रायव्हर आणि पोर्ट या सगळ्यांची साक्ष एकदम मिळते. दोष मग प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्येच. तिथे रिगचं मॉडेल दुसरंच निवडलेलं नाही ना, ते पाहा.

उत्तर आलं नाही तरी काय आलं ते बघायचं. एको बॅक चालू असूनही काहीच आलं नाही तर पोर्ट चुकीचा किंवा ड्रायव्हर बसलेला नाही (एको बॅक बंद असेल तर पत्ता चुकला असतानाही शांतताच मिळते). एको बॅक चालू असताना फक्त तुमचे सहा बाइट जसेच्या तसे परत आले आणि पुढे शांतता, तर संदेश रिगपर्यंत पोहोचला पण तिने तो आपला मानला नाही. अशा वेळी पत्ता तपासा, कोणीतरी ९४ बदललेलं असतं. भलतेच अंक आले तर दोन्हीकडचा बॉड रेट जुळत नाही.

प्रश्न : यासूच्या एफटी-९९१ए ची एकच यूएसबी केबल लावली तरी दोन कॉम पोर्ट दिसतात. कोणता खरा?
— नागपूर

उत्तर : दोन्ही खरे. रिगमध्ये सीपी२१०५ ही दुहेरी चिप आहे. ‘एन्हान्स्ड’ नावाचा पोर्ट कॅट आदेशांसाठी, ‘स्टँडर्ड’ नावाचा पीटीटी (प्रसारण सुरू करणारी कळ) आणि मोर्स वा आरटीटीवायच्या (रेडिओ टेलिटाइपच्या) कीइंगसाठी. कॅटला एन्हान्स्ड द्या. मेनू क्रमांक ०३१ मधला कॅट रेट मुळात ४८०० असतो. तो ३८४०० करा आणि प्रोग्रॅममध्येही तेवढाच लिहा. चाचणीसाठी टर्मिनलमधून ‘एफए’ ही दोन रोमन अक्षरं आणि अर्धविराम पाठवा. उत्तरात वारंवारता साध्या दशमान अंकांत येईल. अर्धविराम विसरलात तर रिग पुढच्या अक्षराची वाट पाहत बसते.

प्रश्न : लॉगिंग प्रोग्रॅम (संपर्कांची नोंदवही ठेवणारा) उघडला की माझी रिग आपोआप प्रसारणात जाते. लाल दिवा लागतो आणि प्रोग्रॅम बंद करेपर्यंत जात नाही. एकदा तर संगणक सुरू होतानाच झालं. हे धोक्याचं आहे का?
— नाशिक

उत्तर : आहे. याचा बंदोबस्त होईपर्यंत अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रोधक) लावा, पॉवर किमान ठेवा, आणि लिनिअर अँप्लिफायर असेल तर तो बंदच ठेवा. अँटेना जोडलेली नसताना रिग अशी स्वतःहून प्रसारणात गेली तर शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर पणाला लागतात. शिवाय आपल्या परवान्याखाली, आपल्या कॉलसाइनवर, आपल्या नकळत वाहक लहर हवेत जाते, आणि ती त्या वेळी कोणाच्या बोलण्यावर पडेल याचा भरवसा नाही. म्हणून या तक्रारीकडे मी इतर सगळ्या तक्रारींच्या आधी पाहते.

कारण सिरियल पोर्टच्या जुन्या दोन तारांत आहे, आरटीएस आणि डीटीआर. एके काळी या तारा मोडेमला ‘मी तयार आहे’ हे सांगायच्या. हॅम मंडळींनी त्यांचाच उपयोग पीटीटी दाबायला केला आणि आजच्या रिगमध्येही ती सोय मेनूतून मिळते. पण बरेचसे प्रोग्रॅम पोर्ट उघडताना या दोन्ही तारा सवयीने वर नेतात, आणि संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम पोर्ट चाचपते तेव्हाही त्या हलतात. रिगला वाटतं पीटीटी दाबला.

तुम्ही रिगचं नाव लिहिलेलं नाही. आयसी-७३०० असेल तर कनेक्टर्सच्या मेनूत ‘यूएसबी सेंड’ आणि ‘यूएसबी कीइंग’ अशा ओळी आहेत. त्या सगळ्या ‘ऑफ’ करा आणि प्रोग्रॅममध्ये पीटीटीची पद्धत ‘कॅट’ निवडा. मग प्रसारणाचा आदेशही संदेशातूनच जातो, तारेच्या हालचालीवर काही अवलंबून राहत नाही. रिग जुनी असेल आणि पीटीटीसाठी तारच वापरावी लागत असेल, तर लॉगिंग प्रोग्रॅमच्या पोर्ट सेटिंगमध्ये आरटीएस आणि डीटीआर दोन्ही ‘लो’ करा, हार्डवेअर हँडशेक बंद करा, आणि संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच रिग चालू करा.

प्रश्न : डब्ल्यूएसजेटी-एक्स चालू असताना लॉगिंग प्रोग्रॅमलाही वारंवारता दिसायला हवी. विंडोजवर दुसरा प्रोग्रॅम ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतो. मित्राच्या लिनक्सवर मात्र दोन्ही उघडतात, पण मग दोन्ही अधूनमधून बंद पडतात. असं का?
— पुणे

उत्तर : विंडोजने तुम्हाला नकार देऊन उपकारच केला आहे. सिरियल पोर्टचा मालक एका वेळी एकच असतो. लिनक्स मात्र, प्रोग्रॅमने स्वतः कुलूप लावलं नाही तर, दुसऱ्यालाही आत येऊ देतं. मग रिगचं उत्तर अर्धं एकाच्या हाती लागतं, अर्धं दुसऱ्याच्या, आणि दोघांनाही ते अपुरं वाटतं. तुमच्या मित्राकडे हेच होतंय.

उपाय असा की पोर्ट एकाच मध्यस्थाच्या हाती द्यायचा आणि बाकीच्यांनी त्या मध्यस्थाशी बोलायचं. लिनक्सवर मी हॅमलिब प्रकल्पातला रिगसीटीएलडी वापरते. तो पार्श्वभूमीत चालतो आणि टीसीपीच्या ४५३२ या पोर्टवर ऐकतो. मग डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये रिग म्हणून ‘हॅमलिब नेट रिगसीटीएल’ निवडायचं आणि पत्ता म्हणून त्याच संगणकाचा ४५३२. ज्यांना आज्ञावली टंकायचा कंटाळा येतो त्यांना एफएलरिग आवडेल. त्याला खिडकी आहे, बटणं आहेत, आणि तो १२३४५ या पोर्टवर इतर प्रोग्रॅमना उत्तरं देतो. विंडोजवर ऑम्नी-रिग पुष्कळ वर्षांपासून हेच काम करतो. त्यात दोन रिग नोंदवता येतात आणि तो ज्यांना ओळखतो असे अनेक लॉगिंग प्रोग्रॅम आहेत.

तिघांपैकी कोणताही घ्या, पण एकच घ्या. एफएलरिग आणि ऑम्नी-रिग दोन्ही एका पोर्टवर लावलेली मांडणी मी पाहिली आहे. तिथे भांडण फक्त एक पायरी खाली सरकलेलं असतं. आणि प्रत्येक प्रोग्रॅम दर सेकंदाला वारंवारता विचारतो तो वेळ थोडा वाढवा. ४८०० बॉडवर चालणाऱ्या जुन्या रिगला सतत प्रश्न विचारत राहिलं तर तिला उत्तरं द्यायला उसंत मिळत नाही.

प्रश्न : एफटी-८५७डी साठी ऑनलाइन स्वस्त यूएसबी कॅट केबल मागवली. विंडोज म्हणतं यंत्र सुरू होऊ शकत नाही, कोड १०. विक्रेता म्हणतो केबल उत्तम आहे. पैसे पाण्यात गेले का?
— मच्छीमार सोसायटीतील कर्मचारी आणि हॅम, रत्नागिरी

उत्तर : कदाचित नाही. अशा केबलींच्या टोकाला बहुधा प्रोलिफिकची पीएल२३०३ किंवा तिची नक्कल असते. नव्या ड्रायव्हरने जुन्या आणि नकली चिपना काम नाकारायला सुरुवात केल्यापासून कोड १० ची तक्रार घरोघर आली. (एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या २०१४ च्या एका ड्रायव्हरने तर नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. त्या वेळी कित्येकांच्या केबली एका रात्रीत मुक्या झाल्या.) डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या ड्रायव्हरच्या पानावर जाऊन, संगणकात आधीपासून असलेल्या यादीतून जुनी आवृत्ती निवडता येते का पाहा. लिनक्सवर हीच केबल बहुतेक वेळा मुकाट चालते. एखाद्या मित्राच्या लिनक्स संगणकावर लावून पाहिलीत तर केबलचा निकाल लगेच लागेल.

केबल जागी झाली की रिगकडे वळा. ८५७ च्या मागचा कॅट जॅक लिनिअर आणि ट्यूनरसाठीही वापरला जातो. त्यामुळे मेनू ०२० ‘कॅट’ वर हवा आणि मेनू ०१९ मधला वेग प्रोग्रॅमशी जुळता हवा. शिवाय या घराण्याला, म्हणजे ८१७, ८५७, ८९७ ला, दोन स्टॉप बिट लागतात. एक ठेवला तर कधी चालतं, कधी अडतं, आणि असला अधूनमधूनचा दोष माणसाला सगळ्यात जास्त थकवतो.

एक सावधगिरी. त्या जॅकवर टीटीएल पातळी आहे, म्हणजे शून्य ते पाच व्होल्ट. जुन्या संगणकाच्या आरएस-२३२ पोर्टवर उणे आणि अधिक दोन्ही दिशांना त्याहून बरीच जास्त व्होल्टता असते. मधे पातळी बदलणारं सर्किट नसलेली, घरी जोडलेली सरळ तार तिथे कधीच लावू नका.

तपासणीसाठी पाच बाइट पाठवा : ०० ०० ०० ०० ०३. रिग १४.०७४ वर, अप्पर साइडबँडमध्ये असेल तर ०१ ४० ७४ ०० ०१ असं उत्तर येईल. इथे अंक सरळ क्रमाने असतात आणि शेवटचा बाइट मोड सांगतो. या घराण्यात पत्ता नाही, संदेशाची सुरुवात-शेवटही नाही, नुसते पाच-पाच बाइट. त्यामुळे एखादा बाइट वाटेत हरवला तर पुढचं सगळं एका घराने सरकतं. अशा वेळी प्रोग्रॅम बंद करून रिग एकदा बंद-चालू करा.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हीयू३ हा हॅम परवाना मिळाला. सीनिअरकडून मायक्रोबिटएक्स घेतला. उबंटू २२.०४ वर यूएसबी लावली की पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. दुसऱ्या एका संगणकावर पोर्ट टिकतो, पण रिग पहिल्या वेळी उत्तर देत नाही, दुसऱ्यांदा देते.
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन. रिगही छान निवडलीस. मायक्रोबिटएक्स हैदराबादचे अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी रचला, त्याचं सर्किट आणि आज्ञावली दोन्ही सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि भारतात बनलेला हा संच जगभरचे हॅम टेबलावर ठेवतात. तुझ्या वयात उघडून पाहता येईल अशी रिग हाती असणं फार मोठी गोष्ट आहे.

तुझे दोन दोष वेगळे आहेत. पहिला उबंटूचा. मायक्रोबिटएक्सच्या नियंत्रण पाटीवर आर्डुइनो नॅनो असतो आणि स्वस्त नॅनोवर सीएच३४० ही चिप असते. उबंटू २२.०४ मध्ये बीआरएलटीटीवाय नावाची सेवा आहे, अंध व्यक्तींच्या ब्रेल पडद्यासाठी. काही ब्रेल यंत्रांचा यूएसबी ओळख क्रमांक सीएच३४० सारखाच असल्यामुळे ती सेवा तुझा नॅनो आपला समजून उचलते. टर्मिनलमध्ये डीमेसेज पाहिलंस तर तिचं नाव स्पष्ट दिसेल. तो संगणक कोणी ब्रेल पडद्यासह वापरत नसेल तर ती सेवा काढून टाक. वापरत असेल तर काढू नकोस, फक्त तिच्या यूडेव्ह नियमांतली सीएच३४० ची ओळ निष्क्रिय कर. त्यानंतर स्वतःला सिरियल पोर्ट वापरायची मुभा देणाऱ्या ‘डायलआउट’ गटात घाल आणि लॉगआउट करून पुन्हा ये. लॉगआउट केल्याशिवाय गटाचा बदल लागू होत नाही, आणि या एका गोष्टीपायी कितीतरी मुलं उगाच अडून बसतात.

दुसरा दोष आर्डुइनोचा, आणि खरं तर तो दोष नाहीच. पोर्ट उघडला की डीटीआरची तार हलते आणि नॅनो स्वतःला रिसेट करतो. नवी आज्ञावली चढवताना ती सोय लागते. पण तेवढ्या एक-दोन सेकंदांत संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी जागं नसतं. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत नॅनो सावध झालेला असतो. नॅनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लाव, अधिक टोक रिसेटकडे. मग तो दचकणार नाही. नवी आज्ञावली चढवताना मात्र कपॅसिटर काढावा लागेल, म्हणून सरळ डकवू नकोस, छोटा जंपर ठेव. प्रोग्रॅममध्ये रिग म्हणून एफटी-८१७ निवड आणि वेग ३८४००, कारण मूळ आज्ञावली यासूच्या त्या रिगची भाषा बोलते. वर रत्नागिरीच्या उत्तरात दिलेले पाच बाइट तुलाही चालतील.

प्रश्न : डब्ल्यूएसजेटी-एक्समधल्या एफटी८ या डिजिटल पद्धतीवर प्रसारण सुरू झालं की डायल आपोआप ५०० किंवा १००० हर्ट्झ सरकते आणि संपलं की परत येते. कॅट बिघडलं आहे का?
— डोंबिवली

उत्तर : उलट उत्तम चाललं आहे. तुमच्या सेटिंगमध्ये ‘स्प्लिट ऑपरेशन’पुढे ‘फेक इट’ निवडलेलं असणार. तुम्ही ८०० हर्ट्झच्या सुरावर बोलायचं ठरवलंत, तर ध्वनीच्या वाटेत कुठे विकृती झाल्यास १६०० आणि २४०० चे सूरही तयार होतात आणि ते रिगच्या गाळणीतून सरळ हवेत जातात. म्हणून प्रोग्रॅम डायल सरकवून तुमचा सूर १५०० ते २००० मध्ये आणतो. मग त्याची दुप्पट ३००० च्या वर पडते आणि गाळणी ती अडवते. हवेत तुमची वारंवारता तीच राहते. बदलू नका.

प्रश्न : पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीतून समोरच्या गच्चीपर्यंत एंड-फेड (एका टोकाकडून ऊर्जा दिलेली) अँटेनाची तार, मॅचिंग ट्रान्सफॉर्मर गॅलरीच्या कठड्याला. ४० मीटर बँडवर सगळं चालतं. २० मीटर बँडवर ३० वॅटच्या वर गेलो की प्रोग्रॅम म्हणतो रिग सापडत नाही, माउसही थिजतो. तीन केबली बदलल्या, ड्रायव्हर बदलला. ऐकणं मात्र कधीच तुटत नाही.
— ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातच निदान आहे. ऐकताना दोष नाही, पॉवर वाढली की दोष, आणि तोही एकाच बँडवर. हा सॉफ्टवेअरचा आजार नाही, तुमचीच रेडिओ ऊर्जा यूएसबी केबलवर चढते आहे. माउस थिजतो हा त्याचा पक्का पुरावा, कारण माउसचा आणि कॅटचा संबंध फक्त यूएसबीपुरता आहे.

तरी खात्री करून घ्या. अँटेना काढून डमी लोड लावा आणि २० मीटरवर हळूहळू तीच पॉवर द्या. डमी लोडवर सगळं स्थिर राहिलं तर रिग, केबल, ड्रायव्हर सुटले आणि उरली अँटेना.

एंड-फेड तारेला परतीची वाट हवी असते. ती वेगळी दिली नाही तर कोॲक्सचं (रिग ते अँटेना जाणाऱ्या केबलचं) बाहेरचं कवच ती वाट होतं, प्रवाह कवचावरून घरात शिरतो, रिगच्या खोक्यावर, तिथून यूएसबीच्या कवचावर आणि लॅपटॉपमध्ये. तुमचा ट्रान्सफॉर्मर गॅलरीत म्हणजे टेबलापासून चार पावलांवर आहे, त्यामुळे हे अधिकच जाणवतं. आणि बँडप्रमाणे फरक पडतो तो केबलींच्या लांबीमुळे. एखादी लांबी २० मीटरला अनुनादाजवळ जाते, ४० ला जात नाही.

उपाय अँटेनाकडून सुरू करा, संगणकाकडून नाही. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड टोकाला दोन-तीन मीटरची वेगळी तार काउंटरपॉइज म्हणून जोडा आणि कठड्याबाहेरून सोडा, कोणाच्या हाताला लागणार नाही अशी. कोॲक्स घरात शिरते तिथे चोक (कवचावरचा प्रवाह अडवणारं वेटोळं) घाला : एफटी२४०-३१ या फेराइट कड्यावर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. ३१ क्रमांकाचं मिश्रण एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) मुद्दाम सांगते आहे. बाजारात नाव-क्रमांक नसलेले करडे क्लिप मिळतात, त्यातले पुष्कळसे त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेसाठीच असतात. एचएफवर त्यांचा उपयोग नगण्य.

एवढं करूनही थोडं उरलं तर यूएसबी केबलकडे या. ती मीटरभराच्या आतली, चांगल्या कवचाची घ्या आणि दोन्ही टोकांशी ३१ मिश्रणाच्या फेराइटमधून एकदाच न नेता जमतील तेवढे वेढे देऊन न्या. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून एका कड्यावर चार वेढे हे ओळीने लावलेल्या चार क्लिपपेक्षा परिणामकारक. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवरही चालवून पाहा. त्याने फरक पडला तर चार्जरच्या तारेलाही एक कडं हवं.

हे सगळं होईपर्यंत एक गोष्ट आज रात्रीच करा. तुम्ही पीटीटी कॅटवरून देत असाल, तर प्रसारण चालू असताना यूएसबी तुटल्यावर ‘थांब’ हा आदेश रिगपर्यंत पोहोचतच नाही आणि रिग प्रसारणात अडकून राहते. प्रोग्रॅममधला वॉचडॉग इथे उपयोगाचा नाही, कारण त्याचाही आदेश त्याच तुटलेल्या वाटेने जाणार. रिगच्या मेनूत टाइम-आउट टायमर असेल तर तो सगळ्यात कमी वेळेवर ठेवा, २० मीटरवर २५ वॅटच्या वर जाऊ नका, आणि प्रसारण चालू असताना टेबल सोडून उठू नका. काउंटरपॉइज आणि चोक लावल्यावर पॉवर पाच-पाच वॅटने वाढवत न्या आणि कुठे तुटतं ते लिहून पाठवा. ते आकडे मला पुढच्या अंकासाठी हवे आहेत, कारण ठाण्या-मुंबईच्या इमारतींमधून अशीच आणखी पत्रं आली आहेत.